विहिरीतले शेवटचे आठ फूट घरासाठी राखा : माण, खटाव, आटपाडी, जत भागासाठी उन्हाळी सल्ला

सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेला महाबळेश्वरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्याच्या पूर्वेला माण-खटावात पाचशेच्या आसपासच हाती लागतो. सांगलीतही कृष्णाकाठचा वाळवा-पलूस आणि माथ्यावरचे जत-आटपाडी यांच्यात पाण्याचा मोठा फरक आहे. पूर्वेकडच्या पट्ट्यात खाली काळा पाषाण आहे, पाणी साठते ते वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत, त्यामुळे फेब्रुवारीपर्यंत बरी वाटणारी विहीर मार्च संपता संपता एकाएकी तळ दाखवू लागते. नेमक्या याच काळात द्राक्षाची खरड छाटणी, म्हणजे उन्हाळ्यातली छाटणी, येते, डाळिंबाच्या आंबे बहाराची (जानेवारी-फेब्रुवारीतल्या फुलोऱ्याची) फळे पोसायची असतात आणि जनावरांची तहान वाढते. वस्तीवर राहणाऱ्या बहुतेक कुटुंबांचे बागेचे आणि पिण्याचे पाणी एकाच विहिरीचे किंवा बोअरचे असते. म्हणून आमचे आग्रहाचे सांगणे असे, की छाटणीची कात्री हातात घेण्यापूर्वी विहीर मोजावी आणि घराचा वाटा आधी बाजूला काढावा.

मोजणी अवघड नाही. गोल विहिरीचा व्यास फुटांत घ्यावा, त्याला त्याच आकड्याने गुणून पुन्हा 0.785 ने गुणावे, म्हणजे एक फूट उंचीच्या पाण्याचे घनफूट मिळतात. एका घनफुटात 28.3 लिटर पाणी असते. वीस फूट व्यासाच्या विहिरीत एक फूट पाणी म्हणजे सुमारे 8,900 लिटर. आता घराचा खर्च पाहू. पाच माणसांना माणशी 55 लिटरप्रमाणे 275 लिटर, तीन मोठ्या जनावरांना उन्हाळ्यात प्रत्येकी 70 लिटर धरून 210 आणि दहा शेळ्यांना 60, असे रोजचे 545 लिटर होतात. 15 मार्च ते 15 जून या 92 दिवसांसाठी पन्नास हजार लिटर, म्हणजे या विहिरीतले जवळपास सहा फूट पाणी लागते. तळाचा एक फूट गाळात जातो आणि मृगाने ओढ दिली तर हाताशी असावा म्हणून आणखी एक फूट धरला, की आठ फूट झाले. बागेच्या मोटारीचा फुटव्हॉल्व्ह, म्हणजे पाणी ओढणाऱ्या पाइपाच्या तोंडाची झडप, तळापासून आठ फुटांवर बांधून टाकावा, म्हणजे मनाचा निर्धार ढळला तरी मोटार त्याखालचे पाणी उचलू शकणार नाही. पाणबुडी मोटार असेल तर ती दोरावर वर घ्यावी, मात्र कोरडी चालून जळू नये यासाठी स्टार्टरला तशी सुरक्षा बसवून घ्यावी. झऱ्यांची आवक या हिशेबात मुद्दाम धरलेली नाही, कारण मे महिन्यात तिचा भरवसा देता येत नाही.

उरलेल्या पाण्यात किती बाग जगते हे पाहूनच छाटणी किती क्षेत्रावर घ्यायची ते ठरवावे. छाटणीनंतर पहिले चाळीस दिवस वेलीला पाणी अधिक लागते, पुढे घडनिर्मितीच्या काळात ते कमी करणेच हिताचे असते. बोदावर, म्हणजे वेलीच्या ओळीतल्या मातीच्या वरंब्यावर, उसाचे पाचट किंवा बगॅस (चिपाड) जाड अंथरून ड्रिप पहाटे चालवावे. बोअरचे पाणी उपसून उघड्या शेततळ्यात उन्हाळाभर साठवण्याची पद्धत मात्र सोडून द्यावी असे आमचे स्पष्ट मत आहे, कारण भूगर्भात सुरक्षित असलेले पाणी आपणच वर आणून उन्हाच्या हवाली करतो आणि शेजारच्या हातपंपाचे पाणीही त्यात जाते. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून 500 मीटरच्या आत नवी विहीर किंवा बोअर घेण्यावर कायद्यानेच बंधन आहे, ते पाळावे.

पाणी कमी होते तेव्हा ते बिघडतेही, आणि याकडे आपले लक्ष फार कमी जाते. वर्षानुवर्षे टाकलेल्या युरियाचे नायट्रेट, गोठ्याचा आणि शौचखड्ड्याचा पाझर हे सारे पावसाळ्यात भरपूर पाण्यात विरळ असते, ते उन्हाळ्यात थोड्या पाण्यात घट्ट होते. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे. त्याला चव नसते, रंग नसतो, आणि पाणी उकळून ते जात नाही. उलट वाफ निघून गेल्याने उरलेल्या पाण्यात त्याचे प्रमाण वाढते. सहा महिन्यांच्या आतील बाळाला वरच्या दुधातून असे पाणी गेले तर रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटते आणि बाळ निळे पडते. ज्या घरात तान्हे बाळ किंवा गरोदर बाई आहे, तिथे पाण्याची रासायनिक तपासणी याच महिन्यात करून घ्यावी. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडे, म्हणजे गावाच्या पाण्याची देखरेख करणाऱ्याकडे, चौकशी करावी आणि भूजल सर्वेक्षण व विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत नमुना द्यावा. नमुन्याची बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळून भरावी; जंतूंच्या तपासणीसाठी मात्र प्रयोगशाळेची निर्जंतुक बाटलीच वापरावी आणि ती विसळू नये.

ड्रिपमधून खते देणाऱ्यांसाठी एक गोष्ट अनुभवाची. आमच्या वस्तीवर बोअरच्या पाइपाला टी जोडून एक फाटा बागेला आणि एक घरच्या टाकीला दिलेला होता. व्हेंचुरीतून, म्हणजे बादलीतले खत ओढून ड्रिपच्या पाण्यात मिसळणाऱ्या नळीतून, फॉस्फरिक अॅसिड सुरू असताना लाईट गेली, पाइपातले पाणी उलटे बोअरकडे ओढले गेले आणि त्यामागून बादलीतले द्रावणही गेले. लाईट आल्यावर टाकी भरली. आईने चहा ठेवला, दूध घातले आणि ते पातेल्यातच फाटले, तिने घोटभर पाणी जिभेवर घेऊन थुंकून टाकले आणि म्हणाली, "हे पाणी आपलं न्हाई." त्या दिवशी सगळी टाकी ओतून दिली आणि बोअर बराच वेळ उपसला. दूध फाटले म्हणून कळले तरी. युरिया असता तर कोणालाच कळले नसते. तेव्हा व्हेंचुरी आणि बोअर यांच्यामध्ये पाणी उलटे जाऊ न देणारा नॉन रिटर्न व्हॉल्व्ह बसवणे, खत सुरू असताना घराचा फाटा बंद ठेवणे आणि शक्य झाल्यास घरासाठी स्वतंत्र पाइप टाकणे, ही कामे या आठवड्यातच उरकावीत. फवारणीचा पंप विहिरीच्या काठावर धुऊ नये. औषधाचा रिकामा कॅन कितीही धुतला तरी त्यात पिण्याचे पाणी भरू नये, आणि फवारणीच्या टँकरमधून घरासाठी पाणी आणू नये.

म्हैसाळ किंवा टेंभू उपसा सिंचन योजनेचे आवर्तन, म्हणजे पाण्याची पाळी, आली की कालव्याचे पाणी थेट हंड्यात भरले जाते. ते नदीचे कच्चे पाणी आहे. गढूळ असेल तर तुरटी फिरवून निवळू द्यावे, चार पदरी कापडाने गाळावे आणि खळखळून उकळावे.

विहिरीच्या पाण्यासाठी ब्लीचिंग पावडर दर हजार लिटरला अडीच ग्रॅम लागते. वर सांगितलेल्या विहिरीत आठ फूट पाणी असेल तर सुमारे 180 ग्रॅम. पावडर एकदम विहिरीत फेकू नये. ती दोन बादल्यांत विभागून थोड्या पाण्यात आधी कालवावी, बादली पाऊण भरेपर्यंत पाणी घालून ढवळावे, दहा मिनिटांत चुना तळाशी बसला की वरचे निवळ पाणी वेगळ्या रिकाम्या बादलीत घ्यावे आणि ती बादली दोराने विहिरीत सोडून खालीवर हलवावी. हे काम रात्री करावे आणि निदान एक तास पाणी काढू नये. सकाळी पाण्यात क्लोरीनचे प्रमाण लिटरला 0.2 मिलिग्रॅम तरी उरले पाहिजे. जलसुरक्षकाकडच्या ओटी (ऑर्थोटोलिडीन) चाचणीत ते पिवळ्या रंगावरून कळते. उघड्या पिशवीत दमट झालेली पावडर टाकून काही उपयोग होत नाही.

मे महिन्यात पाणी सर्वांत खाली असते तेव्हाच गाळ काढून घ्यावा आणि कठडा बांधून घ्यावा, कारण पहिला जोराचा पाऊस शेतातले, उकिरड्यावरचे आणि रस्त्यावरचे सगळे धुऊन विहिरीत आणतो, आणि जूनमधल्या जुलाब-काविळीचे मूळ बहुधा तिथेच असते. बोअर पुनर्भरणाचा खड्डा ज्यांनी केला आहे त्यांनी त्यातली वाळू-खडी धुऊन पुन्हा भरावी आणि फवारलेल्या बागेतले पाणी त्यात येऊ देऊ नये. तीस फूट बाय वीस फूट पत्र्याच्या छपरावर दहा मिलिमीटर पाऊस पडला तरी साडेचारशे लिटर पाणी सहज मिळते. तेव्हा वळवाचे पहिले एक-दोन पाऊस छप्पर धुण्यासाठी सोडून द्यावेत आणि त्यानंतर पन्हाळीचे तोंड झाकणाच्या टाकीकडे वळवावे.