जुन्या इमारतीसाठी अनुदान मागताना या चुका टाळा

वारसा-इमारती सांभाळणाऱ्या संस्थांचे अर्ज वाचायला बसलं की एक गोष्ट हमखास दिसते. पहिल्या चार पानांत इमारत कुणी बांधली, तिथे कोण राहून गेलं, कोणत्या सभा झाल्या, हे सगळं मनापासून लिहिलेलं असतं. पाचव्या पानावर एकच ओळ येते, 'सदर वास्तूची अवस्था दयनीय असून तातडीने दुरुस्ती होणे गरजेचे आहे.' आणि लगेच रक्कम. वाचणाऱ्याला इमारतीविषयी आदर वाटतो, पण पैसे नेमके कशाला द्यायचे हे काही कळत नाही.

दयनीय म्हणजे काय, ते लिहा. उत्तरेच्या भिंतीला कमरेपर्यंत ओल आहे, त्यावर पांढरे क्षार फुललेत, वरची पन्हळ दोन ठिकाणी फुटली आहे आणि ते पाणी नेमकं भिंतीच्या पायथ्याशी पडतंय. एवढं लिहिलंत तर कामाचा क्रम आपसूक पुढे येतो. आधी पन्हळ, मग पायथ्याचा निचरा, भिंत वाळू द्यायची आणि शेवटी गिलावा. ओलीचं कारण तसंच ठेवून नुसत्या गिलाव्याला पैसे मागितले, तर जाणकार परीक्षक तो अर्ज बाजूला ठेवतो. दोन वर्षांत तो गिलावा गळून पडणार, हे त्याला ठाऊक असतं.

असं लिहायला आधी कुणीतरी इमारत नीट तपासलेली हवी, आणि त्या तपासणीलाच पैसे नसतात, ही अडचण खरी आहे. मग पहिला अर्ज तपासणीसाठीच करा ना! फक्त पाहणी, मोजमाप आणि नकाशांसाठी पैसे देणाऱ्या योजना असतात. कला आणि वारशाच्या कामांना अनुदान देणाऱ्या अमेरिकेतल्या गेटी फाउंडेशनने २०१४ साली विसाव्या शतकातल्या इमारतींसाठी 'कीपिंग इट मॉडर्न' ही अनुदान योजना सुरू केली. तिच्यातही मोठा भर अभ्यासावर आणि जतन-आराखड्यांवर होता. छोटं अनुदान मागणं कमीपणाचं वाटून घेऊ नका. ते नीट वापरून हिशेब वेळेवर दिलेली संस्था पुढच्या वेळी ओळखीची असते.

आता सिमेंट. जुनी भिंत चुन्यात बांधलेली असेल आणि अंदाजपत्रकात सिमेंटचा गिलावा किंवा सिमेंटने दरजा (विटा-दगडांमधले सांधे) भरण्याचं काम असेल, तर बाकीचा अर्ज कितीही देखणा असो, शंका येतेच. चुना ओल बाहेर सोडतो, सिमेंट ती आत कोंडतं. मग पाणी दरजेतून निघायचं ते विटेतून किंवा दगडातून निघतं, क्षार तिथेच साचतात आणि विटेचा दर्शनी पापुद्रा सुटायला लागतो. ठेकेदार 'मजबूत होईल' म्हणतो, त्याच्या बाजूने तो खोटं बोलत नाही. गिलावा मजबूत होतो, भिंत जाते.

याच जातीची दुसरी चूक म्हणजे हौस. एका धूसर फोटोवरून पडलेला मनोरा 'जसाच्या तसा' उभारायचा प्रस्ताव. वारसा-वास्तूंच्या जतनासाठीच्या १९६४ च्या आंतरराष्ट्रीय व्हेनिस सनदेत स्पष्ट म्हटलं आहे की अंदाज सुरू होतो तिथे पुनरुज्जीवन थांबलं पाहिजे, आणि नव्याने बसवलेला भाग जुन्याशी जुळला तरी वेगळा ओळखू आला पाहिजे. ऑस्ट्रेलियातल्या १९७९ च्या बर्रा सनदेचा सूरही तोच आहे, की बदल गरजेपुरता आणि शक्य तितका कमी करा. अर्ज तपासणारे बहुतेक याच तालमीत तयार झालेले असतात. मनोऱ्यापेक्षा गळकं छप्पर आधी मागा.

पैशाच्या बाबतीत तीन ठिकाणी पाय घसरतो. एक, अंदाजपत्रकात एकच गोळा रक्कम. परांची, वास्तुविशारदाची फी, चाचण्या, कर हे वेगळं दाखवलंच पाहिजे. जुन्या इमारतीत फरशी उचलल्यावर काय निघेल सांगता येत नाही, म्हणून आकस्मिक खर्चही धरा. माझ्या मते दहा टक्क्यांच्या खाली तो धरणं म्हणजे स्वतःची फसवणूक. दोन, स्वतःचा हिस्सा. बऱ्याच योजनांत तो लागतो आणि स्वयंसेवकांचे तास त्यात चालतील की नाही, हे आधी विचारून घ्यावं लागतं. तीन, रोख. पैसे बहुधा हप्त्याने येतात, कधी काम झाल्यावर. तोवर ठेकेदाराची बिलं कशातून द्यायची, याचं उत्तर विश्वस्तांच्या बैठकीत आधी ठरलेलं बरं.

मंजुरीआधी काम सुरू करणं ही सगळ्यात महाग चूक. झालेल्या कामाचे पैसे बहुतेक ठिकाणी मिळत नाहीत. 'पाऊस तोंडावर होता हो' हे कारण खरं असलं तरी चालत नाही. छत कोसळायच्या बेतात असेल तर टेकू द्या, ताडपत्री टाका, आधीचे फोटो काढा आणि त्याच दिवशी लेखी कळवा. पक्कं काम मात्र थांबवा.

मालकीचे कागद तपासा. इमारत भाड्याने असेल तर कराराची किती वर्षं उरलीत आणि मालकाची लेखी संमती आहे का, हे विचारलं जाणारच. काही अनुदानांसोबत पुढची अनेक वर्षं इमारत सांभाळण्याची आणि बदलाआधी परवानगी घेण्याची अट येते. सही करण्यापूर्वी वाचा.

काम चालू असताना भलतंच निघालं, समजा कुजलेली तुळई, तर एका कामाचे पैसे परस्पर दुसरीकडे वळवू नका. थांबा, फोटो पाठवा, बदलाची मंजुरी घ्या. आठवडा जाईल, पण हिशेब अडकणार नाही. आणि अर्ज नामंजूर झाला तर तोच कागद पाच ठिकाणी पाठवण्याआधी कारण विचारा. पुष्कळदा सांगतात.

फोटो काढताना तड्याशेजारी कुणाला तरी मोजपट्टी धरायला सांगा. तिच्याशिवाय दोन मिलिमीटरचा तडा आणि वीस मिलिमीटरचा तडा कागदावर सारखेच दिसतात.