लाइक चारशे, गूगलवर पत्ता नाही: वेबसाइटची लिंक सोशल मीडियावर टाकताना या चुका टाळा

मार्चचा दुसरा आठवडा, हापूसचा हंगाम नुकता तापायला लागलेला, आणि देवगडहून काकांचा फोन. काका म्हणजे नात्यातले नव्हेत. त्यांची कलमांची बाग आहे आणि त्यांची वेबसाइट मी सांभाळतो. "अरे, फेसबुकार चारशे लाइक इले, पण गुगलार आपला नावच दिसना नाय. तुझ्या साइटीतच कायतरी बिघाड आसा."

लाइकचा आणि गूगलचा संबंध नसतो, हे मी त्यांना जरा फणकाऱ्यानेच समजावलं. फोन ठेवल्यावर सहज तपासलं, तर बिघाड होताच, आणि तो माझा होता. साइट ज्या सॉफ्टवेअरवर बनवली त्या वर्डप्रेसच्या सेटिंग्जमध्ये 'रीडिंग'खाली एक चौकोन असतो: सर्च इंजिनांनी ही साइट इंडेक्स करू नये, म्हणजे शोधासाठीच्या आपल्या यादीत घेऊ नये. अर्धवट साइट कुणाला दिसू नये म्हणून बांधकाम चालू असताना मी तिथे टिक केली होती. साइट सुरू झाली, नारळ फुटला, पेढे वाटले, टिक तशीच राहिली. दाराला आतून कडी घालून आम्ही गावभर आमंत्रणं वाटत होतो.

म्हणून लिंक कुठेही टाकण्याआधी पान गूगलला दिसतंय का ते बघा. सर्च कन्सोल हे साइटमालकांसाठीचं गूगलचं साधन फुकट आहे. त्यात वरच्या पट्टीत पानाचा पत्ता टाकला की पान इंडेक्समध्ये आहे की नाही आणि नसेल तर का, हे कळतं. तिथे 'नोइंडेक्स' हा शब्द दिसला तर आधी टिक काढा, मग तिथूनच इंडेक्स करण्याची विनंती पाठवा. एकदाच. तेच बटण रोज दाबल्याने काम लवकर होत नाही, हे मी करून पाहिलेलं आहे.

लाइक म्हणजे मत नव्हे

फणकारा चुकला असेल, पण मुद्दा खरा होता. गूगलच्या वेबस्पॅम विभागाचे तेव्हाचे प्रमुख मॅट कट्स यांनी जानेवारी २०१४ मध्येच एका व्हिडिओत सांगितलं होतं, की फेसबुकचे लाइक किंवा ट्विटरचे फॉलोअर हे रँकिंगसाठी, म्हणजे शोधात कोण वर येणार ते ठरवायला, संकेत म्हणून धरले जात नाहीत. कारणही साधं आहे. गूगलला त्या पानांमध्ये नेहमी शिरता येईलच असं नाही, आणि खाजगी ग्रुप किंवा व्हॉट्सॲपमध्ये काय चाललंय ते तर त्याला दिसतच नाही. फेसबुक, एक्स यांसारख्या ठिकाणच्या लिंकवर 'नोफॉलो'ची, म्हणजे 'ही लिंक मोजू नका' अशी, खूणही असते. ही खूण २००५ मध्ये आली, ती कॉमेंटमधल्या जाहिरातबाज लिंकना लगाम घालायला. सप्टेंबर २०१९ मध्ये गूगलने ती आज्ञा न मानता इशारा मानायचं ठरवलं, पण त्यामुळे शंभर ग्रुपांत लिंक टाकली की पान वर चढेल, असं काही झालेलं नाही.

मग सोशल मीडियावर टाकायचंच कशाला? माणसं आणायला. आलेल्यांतला एखादा पुढच्या आठवड्यात तुमचं नाव गूगलवर शोधतो. एखादी पत्रकार किंवा खाद्यपदार्थांवर लिहिणारी बाई तुमचं पान वाचते आणि स्वतःच्या लेखात त्याची लिंक देते. ती लिंक गूगल मोजतो. काकांच्या साइटवरच्या भावाच्या पानाला अशी एकही लिंक कधी मिळाली नाही. मिळाल्या त्या 'अस्सल देवगड हापूस कसा ओळखावा' या पानाला, कारण त्यात कापलेल्या फळांचे फोटो होते, साल आणि वासातला फरक होता, आणि २०१८ मध्ये हापूसला मिळालेलं भौगोलिक मानांकन कोणकोणत्या जिल्ह्यांपुरतं आहे ते नीट दिलेलं होतं. भाव सांगणाऱ्या पानाची लिंक कोण कशाला देईल?

अख्खा लेखच व्हॉट्सॲपवर चिकटवणं

ही आपल्याकडची सगळ्यात लाडकी चूक. मेहनतीने पंधराशे शब्द लिहायचे आणि ते सगळेच्या सगळे हिरव्या चौकटीत ओतायचे. लिंक खाली, 'अधिक वाचा'च्याही पलीकडे. तिथवर कोण जातो! आणि पुढे पाठवताना पहिला कुणीतरी ती लिंक काढतो, दुसरा नाव काढतो, तिसरा शेवटी दोन गुलाबाची फुलं लावतो.

काकांचा तो ओळखण्याचा लेख असाच तीन आठवड्यांत फिरून माझ्या आईच्या भिशीच्या ग्रुपवर आला. खाली 'लेखक अज्ञात'. त्याच्याही खाली भलत्याच आंबेवाल्याचा फोन नंबर. आईने मोठ्या कौतुकाने मला पाठवला: "बघ, किती छान लिहिलंय, तुझ्या काकांच्या साइटवर टाक."

त्यात आणखी एक धोका असतो. तोच मजकूर कुणी आपल्या साइटवर चढवला आणि त्याची साइट तुमच्यापेक्षा जुनी, वजनदार असली, तर शोधात त्याचं पान आधी येऊ शकतं. मूळ कोणाचं हे गूगलला ओळखता येतं, पण दर वेळी येतंच असं नाही.

आता आम्ही पोस्टमध्ये एकच गोष्ट सांगतो आणि दुसरीसाठी पानावर बोलावतो. "फळाला वास नसेल तर पेटी घेऊ नका. वास आहे, तरी फसवणूक कशी होते ते इथे," आणि लिंक. बस्स. पोस्ट तीन-चार ओळींची असली की फॉरवर्ड करणारा तिची काटछाट करत नाही, कारण काटायला काही नसतं. कॉपी करणाऱ्याला थांबवता येत नाही, पण लेखाच्या मधल्या एखाद्या वाक्यात बागेचं नाव गुंफलेलं असेल तर ते सहसा निसटत नाही. शेवटची ओळ मात्र पहिली छाटली जाते.

याच चुकीची धाकटी बहीण म्हणजे मजकुराचं पोस्टर. बॅनरवाल्याकडून रंगीत चित्र करून घ्यायचं, त्यात पत्ता, भाव, पाच मुद्दे, आणि तेच चित्र वेबसाइटवरही चढवायचं. चित्रातल्या अक्षरांवर शोधासाठी भिस्त ठेवू नका. पानावर तो मजकूर अक्षरांतच हवा, तोही युनिकोडमध्ये. डीटीपीवाल्याकडून आलेली श्रीलिपी किंवा कृतिदेवमधली फाइल तशीच चिकटवली तर फॉन्ट असलेल्या संगणकावर मराठी दिसेल, पण गूगलला ती इंग्रजी अक्षरांची खिचडीच वाटेल.

सापासारखी लांब लिंक

हा त्रास मराठीत लिहिणाऱ्यांचाच, त्यामुळे इंग्रजीतल्या सल्ल्यांमध्ये तो फारसा सापडत नाही. शीर्षक मराठीत असलं की वर्डप्रेस पानाचा पत्ता, म्हणजे स्लग, मराठीतच बनवतो. ब्राउझरच्या पट्टीत तो देखणा दिसतो. कॉपी करून व्हॉट्सॲपवर टाकला की मात्र टक्क्याची चिन्हं, आकडे आणि इंग्रजी अक्षरं यांची रांग लागते. काकांच्या एका गिऱ्हाइकाने "व्हायरस वाटतो" म्हणून लिंक उघडलीच नाही.

असं का होतं ते एकदा मोजून बघा. देवनागरीतलं प्रत्येक अक्षर, काना, मात्रा, वेलांटी आणि पायमोडकंही, संगणकात तीन-तीन बाइट घेतं, आणि पत्त्यात प्रत्येक बाइट तीन चिन्हांनी लिहिला जातो. म्हणजे एका खुणेला नऊ चिन्हं. 'हापूस' या शब्दात ह, काना, प, ऊकार, स अशा पाच खुणा आहेत, त्यांची ४५ चिन्हं झाली. वर्डप्रेस स्लगला २०० चिन्हांची मर्यादा घालतो. 'अस्सल देवगड हापूस कसा ओळखावा' या साध्या पाच शब्दांची, मधल्या रेघा धरून, २२० चिन्हं होतात. त्यामुळे आमचा पत्ता 'ओळख'पाशीच तुटला होता. कसा ओळखावा ते राहिलं, नुसतीच ओळख झाली.

गूगलला देवनागरी पत्त्यांचं वावडं नाही, रँकिंग त्याने पडत नाही. त्रास आहे तो माणसांना. म्हणून नवं पान प्रकाशित करण्याआधी स्लग हाताने बदला: रोमन लिपीत, दोन-तीन शब्द. जुन्या पानांचे पत्ते उत्साहाच्या भरात बदलत सुटू नका. एखादं बदलायचंच असेल तर जुन्या पत्त्यावरून नव्याकडे ३०१ प्रकारचं रीडिरेक्ट, म्हणजे कायमचं आपोआप वळवणं, आहे ना ते स्वतः जुनी लिंक उघडून बघा, नाहीतर वर्षभर वाटलेल्या सगळ्या लिंका 'पान सापडले नाही'वर जाऊन आपटतील.

लिंकसोबत भलतंच चित्र किंवा गेल्या वर्षीचा भाव

लिंक टाकली की खाली चित्र, शीर्षक आणि दोन ओळींची चौकट येते. ती येते पानातल्या ओपन ग्राफच्या टॅगांमधून, म्हणजे पानाच्या कोडमध्ये लिहिलेल्या छोट्या खुणांमधून. ही पद्धत फेसबुकने २०१० मध्ये आणली, व्हॉट्सॲप आणि लिंक्डइनही तीच वाचतात. टॅग नसतील तर पानावरचं हाताला लागेल ते चित्र उचललं जातं. आमच्याकडे कितीतरी दिवस कुरिअर कंपनीचा लोगो येत होता. चित्र १२०० बाय ६३० पिक्सेलचं ठेवा. फोटो थेट कॅमेऱ्यातून काढून काही एमबीचा चढवलात तर व्हॉट्सॲपवर तो बहुधा येणारच नाही. तीनशे केबीच्या आत आणलात की काम होतं.

दुसऱ्या हंगामात यावरूनच वाद झाला. पानावर नवा भाव टाकला होता, पण फेसबुकवर चौकटीत गेल्या वर्षीचाच दिसत होता, आणि एका ठाणेकर ताईंनी त्याचा स्क्रीनशॉट पाठवून पेटी त्याच भावात मागितली. काकांनी दिलीसुद्धा. फेसबुक ही चौकट स्वतःकडे साठवून ठेवतं. त्यांच्या 'शेअरिंग डीबगर'मध्ये पत्ता टाकून 'स्क्रेप अगेन' दाबलं की नवी माहिती उचलली जाते. व्हॉट्सॲपची चौकट पाठवणाऱ्याच्या फोनवर तयार होते, तिथे असं बटण नाही. त्यामुळे आधी पान सुधारा, स्वतःलाच लिंक पाठवून चौकट बघा, मग ग्रुपांत टाका. आणि बदलणारा भाव चौकटीतल्या ओळींत लिहूच नका.

याच ठिकाणी शीर्षकाचीही सोय करून घ्या. "हे वाचल्यावर पेटी घेताना दहा वेळा विचार कराल" हे फेसबुकवर चालतं, पण असं गूगलवर कुणी शोधत नाही. लोक 'देवगड हापूस भाव', 'हापूस कसा ओळखायचा' असंच टाइप करतात. पानाचं शीर्षक साधं ठेवा, ओपन ग्राफचं चटपटीत. पान शोधात नीट यावं म्हणून वर्डप्रेसला जोडतात त्या बहुतेक एसइओ प्लगइनमध्ये दोन्हींचे रकाने वेगळे असतात.

माणसं आली कुठून, तेच कळत नाही

व्हॉट्सॲपवरून आलेला माणूस ॲनालिटिक्समध्ये, म्हणजे साइटवर येणाऱ्यांच्या हिशेबात, बहुधा 'डायरेक्ट' म्हणून नोंदला जातो, जणू त्याने पत्ता तोंडपाठ करून टाइप केला. मग मालक म्हणतो, व्हॉट्सॲपवरून कुणी येत नाही, बंद करा. लिंकच्या शेवटी यूटीएमची शेपटी, म्हणजे माणूस कुठून आला ते सांगणारे सोर्स, मीडियम आणि कॅम्पेन, जोडली की हिशेब लागतो. तिथेही दोन खड्डे आहेत. मोठी आणि लहान इंग्रजी अक्षरं वेगळी मोजली जातात, म्हणून सगळं लहान लिपीतच लिहा. आणि स्वतःच्याच साइटच्या एका पानावरून दुसऱ्याकडे जाणाऱ्या लिंकना यूटीएम लावू नका, नाहीतर माणूस मुळात कुठून आला त्याचा माग बिघडतो. शेपटीवाले पत्ते गूगलने वेगळी पानं समजू नयेत म्हणून पानात 'मूळ पत्ता हा' असं सांगणारा कॅनॉनिकल टॅग असावा. वर्डप्रेसवर तो सहसा आपोआप असतो.

किरकोळ चुका भराभर सांगतो. इन्स्टाग्रामच्या कॅप्शनमधली लिंक दाबता येत नाही, ती बायोमध्ये किंवा स्टोरीच्या स्टिकरवर द्या. गूगल प्लस २ एप्रिल २०१९ ला बंद झालं, त्याचं शेअर बटण अजून तुमच्या साइटवर असेल तर काढा. लिंक उघडताच पूर्ण पडदा झाकणारी 'आमच्या ग्रुपला जॉइन व्हा'ची खिडकी आली की मोबाइलवाला परत फिरतो.

आणि 'पाचशे बॅकलिंक, हजार फॉलोअर, एकाच पॅकेजमध्ये' असा मेसेज आला तर उत्तरही देऊ नका. विकत घेतलेल्या लिंका गूगलच्या स्पॅम धोरणाविरुद्ध आहेत. एप्रिल २०१२ मध्ये गूगलने शोधाच्या पद्धतीत केलेल्या 'पेंग्विन' नावाच्या बदलापासून अशा साइट घसरल्याची उदाहरणं ढिगाने आहेत, आणि विकणारा तोवर नंबर बदलून मोकळा होतो.

हंगाम सुरू झाल्यावर पान लिहायला बसणं

फेसबुकला आजची पोस्ट आज चालते. गूगलला पान सापडायला, समजायला, त्याला जागा द्यायला वेळ लागतो. मोदकांचं पान गणपतीच्या आदल्या दिवशी टाकलं तर पोस्टला लाइक मिळतील, शोधात ते यायच्या आधी विसर्जन झालेलं असेल. आंब्याचं पान डिसेंबर-जानेवारीतच हवं.

त्यातही दर वर्षी नवं पान काढू नका. आम्ही आधी 'भाव २०२२', 'भाव २०२३' अशी वेगळी पानं केली होती. जुन्याला मिळालेली थोडीफार पत जुन्याकडेच अडकायची आणि नवं पुन्हा शून्यापासून. आता पत्त्यात सालच नाही. एकच पान, दर हंगामात मजकूर ताजा करायचा, जुनी पानं त्याकडे वळवलेली, आणि सोशल मीडियावर दर वर्षी तीच लिंक फिरवायची.

काकांना हे पटायला दोन हंगाम लागले. यंदा फोन डिसेंबरातच आला. "मोहोर इलो हा. भावाचा पान कदी बदलुया?"