अमेरिकेला मसाले, फराळ पाठवताय? मग यूएस एजंट नीट बघून नेमा

चकली, मसाले, कोकम आगळ, आंब्याचा पल्प, काहीही अमेरिकेत विकायला पाठवायचं असेल तर एफएसएसएआयचं (अन्नसुरक्षेचं) लायसन्स आणि आयईसी (आयात-निर्यातीचा कोड) काढून भागत नाही. माल जिथे बनतो, पॅक होतो किंवा साठवला जातो त्या युनिटची नोंद अमेरिकेच्या एफडीएकडे, म्हणजे तिकडच्या अन्न-औषध खात्याकडे, करावी लागते (आपली बांद्र्याची एफडीए वेगळी हं), आणि युनिट भारतात आहे म्हटल्यावर त्या फॉर्ममध्ये यूएस एजंटचं, म्हणजे तुमच्या वतीने एफडीएशी संपर्क ठेवणाऱ्या तिकडच्या माणसाचं किंवा कंपनीचं, नाव द्यावंच लागतं. तुम्ही वाशीत बसून दुसऱ्याच्या कारखान्यातून माल बनवून घेत असाल तर नोंद त्या कारखान्याची लागते, तुमच्या ऑफिसची नाही, इथे बरेच जण गडबडतात.

एजंट कोण होऊ शकतं? अमेरिकेत राहणारी किंवा तिथे धंद्याची जागा असलेली कुठलीही व्यक्ती किंवा कंपनी, नुसता पोस्ट बॉक्स चालत नाही. म्हणजे न्यू जर्सीतला भाचा पण चालतो, पण त्याला न विचारता नाव टाकू नका प्लीज. एफडीए त्याला मेल करून विचारते की तू यांचा एजंट आहेस का, त्याने ३० दिवसांत हो म्हटलं तरच नोंदणी नंबर मिळतो. आमच्या ओळखीत एकांच्या भाच्याने ती मेल फ्रॉड समजून उडवली आणि इकडे हे महिनाभर नंबरची वाट बघत बसले, दिवाळी फराळाची ऑर्डर हातची गेली, फार वाईट वाटलं.

पुढेही काम असतंच. तपासणीचा निरोप, मालाबद्दल काही शंका, इमर्जन्सी असली तर फोन, सगळं त्याच्याकडे जातं आणि त्याला सांगितलं म्हणजे तुम्हाला सांगितलं असंच एफडीए धरते. तपासणीत दोष निघून पुन्हा तपासणी करावी लागली तर तिचं बिलही एजंटच्या नावाने येऊ शकतं. म्हणून भाचा असो नाहीतर पैसे घेणारी कंपनी, दोन पानांचा करार कराच, त्यात मेल आल्यावर किती तासांत कळवायचं, असं बिल आलं तर कोण भरणार, आणि काम सोडायचं असेल तर किती दिवस आधी सांगायचं हे लिहा.

कंपनी नेमताना अजून एक. एफडीएची ही नोंदणी फुकट असते, कंपनी घेते ती तिची फी, आणि रजिस्ट्रेशन सर्टिफिकेट म्हणून जो रंगीत कागद देतात तो एफडीएचा नसतो, एफडीए असं सर्टिफिकेट देतच नाही. एफडीएच्या साइटवरच्या नोंदणी अकाउंटचा लॉगिन स्वतःकडे ठेवा, नाहीतर एजंट बदलताना अडकाल. बदललात तर ६० दिवसांत नोंदीत अपडेट करा. युनिटचा डन्स नंबरही (DUNS, जागा ओळखायचा नंबर) लागतो, तो आधीच काढून ठेवा.

आणि एजंट म्हणजे इम्पोर्टर नव्हे. एफएसव्हीपी नावाचा जो नियम आहे (परदेशातून येणारा माल सुरक्षित आहे याची खात्री करण्याचा) त्याची जबाबदारी तिकडच्या इम्पोर्टरवर असते, एजंटने वेगळं लिहून दिल्याशिवाय तो ती घेत नाही, तेव्हा खरेदीदाराला आधीच विचारा की एफएसव्हीपी कोण बघणार.

नोंदणी दर सम वर्षी १ ऑक्टोबर ते ३१ डिसेंबरमध्ये रिन्यू करायची असते, म्हणजे २०२६ मध्ये आहे, तेव्हा एजंटचा मेल आणि फोन चालू आहे ना ते सप्टेंबरमध्येच बघून घ्या. रिन्यू राहिली तर नोंद रद्द होते आणि माल तिकडच्या बंदरातच अडकून पडतो.