पेठेत पोरींची फुटबॉल टीम काढायचीय? मग हे बघा

पोरांच्या फुटबॉलबद्दल कोल्हापूरकरांना कुणी शिकवायला नको, पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, शिवाजी तरुण एवढी तालमींच्या टीमची नावं घेतली तरी दोन पेठांत वाद सुरू होतो. पोरींच्या टीमचं नाव काढलं की मात्र "आधी कोणतरी तगडा स्पॉन्सर मिळू दे, मग बघू" असं ठरलेलं उत्तर.

तर आधी इंडियन विमेन्स लीगचा पहिला सीझन बघा, २०१६-१७ चा. कटकला सुरुवातीची फेरी झाली आणि फायनल राउंड दिल्लीत आंबेडकर स्टेडियमवर, सहाच टीम. त्यातली अलखपुरा एफसी ही हरियाणातल्या भिवानी जिल्ह्यातल्या एका गावाची टीम, जेप्पियार म्हणजे चेन्नईकडचं कॉलेज, रायझिंग स्टुडंट कटकचा क्लब, शिवाय इम्फाळची ईस्टर्न स्पोर्टिंग युनियन, आयझॉल आणि आपल्याकडची एफसी पुणे सिटी. एक गाव आणि एक कॉलेज तिथवर पोचतंय तर तालमीला काय धाड भरलीय? आणि एफसी कोल्हापूर सिटी पुढं २०१८-१९ ला लुधियानात आणि नंतरच्या सीझनला बंगळूरात या लीगमध्ये खेळून आलीच की.

आता कामाचं. त्या पहिल्या सीझनचा फायनल राउंड २८ जानेवारीला सुरू झाला आणि १४ फेब्रुवारीला फायनल, ईस्टर्ननं रायझिंगला ३-० नं हरवलं. म्हणजे चॅम्पियन टीम १८ दिवसांत साखळीच्या पाच, सेमी आणि फायनल अशा सात मॅच खेळली! त्यांच्या कमला देवीनं १२ गोल मारले ते सगळ्यांच्या लक्षात राहतं, पण अकरा पोरी घेऊन असं वेळापत्रक निघत नाही, तिसऱ्या मॅचला अर्ध्या लंगडायला लागतात. म्हणून पहिल्या दिवसापासून अठरा-वीस पोरी धरा आणि त्यात गोलकीपर दोन पाहिजेतच. पोरी कुठं मिळणार? कबड्डी, हँडबॉल, ॲथलेटिक्सवाल्यांकडं जावा. हँडबॉलची पोरगी कीपर म्हणून लई पटकन तयार होते, बॉलला घाबरत नाही.

घरच्यांशी बोलताना वडिलांच्या आधी आईला गाठा. प्रॅक्टिस किती वाजता सुटणार, सोबत बाई कोण असणार, घरी कोण सोडणार, एवढं ठाम सांगितलं की निम्मं काम झालं. ग्राउंडजवळ टॉयलेट आणि कपडे बदलायला आडोसा आहे का ते स्वतः जाऊन बघा, बघून या आणि मगच जागा ठरवा. शॉर्ट गडद रंगाची घ्या, पांढरी नको, किटमध्ये पॅडचं पाकीट कायम ठेवा आणि पाळीत पोरगी "आज हळू खेळते" म्हणाली तर तिला कारण विचारत बसू नका.

ग्राउंडचं म्हणाल तर पावसाळ्यात गांधी मैदानाचं तळं होतं हे नव्यानं सांगायला नको, तेव्हा ते महिने शाळेच्या हॉलमध्ये नाहीतर जिन्यावर फिटनेस करा. आपली मैदानं कडक, त्यामुळं लांब स्टडचे, म्हणजे तळाला लांब खुंट असलेले, बूट घेऊ नका, बारीक रबरी स्टडवाले घ्या. शिनगार्ड म्हणजे नडगीवर लावायच्या पट्टीशिवाय मॅचला उतरूच देत नाहीत. बॉल पाच नंबरचा, बारा वर्षांखालच्या पोरी असतील तर चार नंबरचा.

आता गुडघा. इथं कंजूषी करू नका. गुडघ्यातली एसीएल नावाची लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड बांधणारी दोरी, तुटायचं प्रमाण पोरींत पोरांपेक्षा बरंच जास्त असतं, आणि तुटली की नऊ-दहा महिने गेलेच. फिफाचा ११ प्लस नावाचा वॉर्मअप आहे, फुकट आहे, वीस मिनिटांचा: आठ मिनिटं हळू पळणं, दहा मिनिटं प्लँक, स्क्वॉट, एका पायावर तोल, उड्या, आणि शेवटची दोन मिनिटं जोरात पळणं. आठवड्यातनं दोनदा तरी पूर्ण करायचा, मॅचच्या आधी मधला भाग सोडून फक्त पळण्याचे. उड्या मारताना तुम्ही समोर उभं राहून बघा: पाय टेकताना गुडघे आत एकमेकांकडं वळतायत का? वळत असतील तर उडीची उंची कमी करा आणि गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेत येईपर्यंत तेच करून घ्या. पोरी वैतागतात, बॉल द्या म्हणून मागं लागतात, देऊ नका.

मॅच प्रॅक्टिसला जोडीची पोरींची टीम सापडत नसेल तर चौदा वर्षांखालच्या पोरांशी खेळवा. पोरं हरली की चिडतात तेवढं सांभाळा.

कागदपत्रं शेवटच्या आठवड्यावर टाकू नका. जिल्ह्यात केएसए (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन), राज्यात विफा (वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन) अशी साखळी आहे, आणि जन्मदाखला आणि आधारवर नाव तंतोतंत सारखं लागतं. एकीकडं नुसतं नाव आणि दुसरीकडं वडिलांच्या नावासकट असं असेल तर दुरुस्तीला वेळ जातो, म्हणून टीममध्ये घेतानाच दोन्ही झेरॉक्स शेजारी ठेवून वाचा.