चोणकासाठी न सरकणारा फासा

गोव्यातल्या रायबंदरच्या बांधावर दोन पावसाळे चोणक या खाडीतल्या माशाच्या मागे घालवले. रापाला कंपनीच्या नकली माशाला तंगूस (गळाची नायलॉनची दोरी) घट्ट गाठीने बांधायचो. गाठ तोंडावर आवळून बसायची आणि तो मासा पाण्यात काठीसारखा ताठ यायचा, हलायचाच नाही. चोणक काही मूर्ख नाही.

मग उघडा, न सरकणारा फासा शिकलो, त्यात नकली मासा मोकळा हलतो. टोकापासून वीतभर अंतरावर साधी गाठ मारायची, पण आवळायची नाही. टोक नकली माशाच्या कडीतून ओवून त्याच सैल गाठीतून परत घ्यायचं, मुख्य दोरीभोवती चार-पाच वेढे द्यायचे (तंगूस जाड असेल तर तीनही पुरतात) आणि टोक पुन्हा त्या गाठीतून बाहेर काढायचं.

माझी गाठ तरीही दोनदा सुटली. दुसऱ्या वेळी तर मासा हिसका देऊन तीनशेचा नकली मासा घेऊन गेला! घरी दिव्याखाली जाड सुतळीवर बांधून पाहिलं तेव्हा चूक दिसली. टोक गाठीच्या ज्या बाजूने निघालं, त्याच बाजूने परत आत जायला हवं. मी ते पलीकडून घालत होतो, त्यामुळे वेढे नीट बसतच नव्हते.

दुसरी गोष्ट शेजारी गरी टाकणाऱ्या काकांनी सांगितली, "अरे, आवळण्याआधी थुंकी लाव, सुकी तंगूस घासून जळते." आता ओली करूनच आवळतो, आधी टोक हलकेच, मग मुख्य दोरी आणि कडी जोरात. फासा करंगळीच्या नखाएवढा ठेवतो. चोणक अजून मोठा लागायचा आहे, पण तांबोशी (लालसर मासा) दोन मिळाल्या.