वाचनालयात कॉम्प्युटर शिकवायचाय? आधी शिकवणाऱ्या पोरांचे हात मागं घ्यायला लावा

आमच्या गावच्या वाचनालयात दर रविवारी सकाळी दोन तास कॉम्प्युटर शिकवायचं काम चालतं, म्हणजे पोरंपोरी शिकवतात आणि मी वही घेऊन कोपऱ्यात बसतो. गाव बेळगावपासनं खानापूर रोडला. आजूबाजूच्या गावांतल्या दोघा-तिघांनी विचारलं की आमच्यातपण करायचंय, सुरुवात कशी करू, म्हणून प्रत्येकाला फोनवर सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो.

आमची चूक आधी सांगतो कारण ती आम्ही चार महिने केली. मोफत संगणक प्रशिक्षण असा बोर्ड लावला, गर्दी झाली, पण माणसं आली ती कामं घेऊन. कुणाला पहाणी, म्हणजे कर्नाटकातला सातबारा, काढायची, कुणाचे सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे दोन हजार थांबलेत, कुणाला लाईट बिल भरायचंय. पोरं हुशार, टकाटका करून सोडली सगळी कामं, लोक खूश, आम्हीपण खूश. मग बघतोय तर तीच माणसं तेच काम घेऊन परत दारात. वाचनालयाचं फुकटातलं सायबर सेंटर झालं होतं, शिकलं कुणीच नव्हतं.

त्यातच एक प्रकार झाला. एका माजी सैनिक मामांचं पेन्शनच्या स्पर्श पोर्टलचं लॉगिन आमच्यातल्या एका पोरानं करून दिलं, नवीन पासवर्ड टाकला, स्वतःच्या मोबाईलमध्ये लिहून ठेवला आणि मामांना कागदावर द्यायचा राहिला. पोराला पुण्यात नोकरी लागली, नंबर बदलला. मामा तीन रविवार येऊन बाकावर बसून गेले. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

तेव्हापासनं आमच्यात एकच नियम कडक आहे, माऊस आणि कीबोर्डला शिकवणाऱ्याचा हात लागणार नाही. माऊस उजवीकडं असतो म्हणून शिकवणाऱ्याची खुर्ची डावीकडं आणि वीतभर मागं. हात मांडीवर नाहीतर पाठीमागं. दाखवायचंच झालं तर पेन्सिलीनं, कारण बोट स्क्रीनपर्यंत गेलं की पुढं माऊसवर जातंच, अनुभव आहे.

हे बोलायला सोपं आहे, बघताना जीव खालीवर होतो. एक काकू पहाणी बघायला बसल्या होत्या, शेजारी बीसीएची पोरगी. माऊस सरकवत सरकवत टेबलाच्या कडेला आला आणि बाण स्क्रीनच्या मधेच थांबला. काकू म्हणाल्या, बिघडलं वाटतं गं. पोरीचा हात उठला होता, मी बघितलं, तिनं तो परत मागं घेतला आणि म्हणाली, काकू, माऊस उचला आणि परत मधे आणून ठेवा, जातं दळताना हात बदलता नव्हं, तसं. काकूंनी उचलला, ठेवला, बाण पुढं गेला. मग जिल्हा, तालुका, होबळी म्हणजे तालुक्यातला गावांचा गट, गाव, सर्वे नंबर असं एकेक. सर्वे नंबरनंतर येणाऱ्या सुरनोक नावाच्या खान्यात बहुतेक वेळा नुसती चांदणी (*) निवडायची असते, तिथं नवखा माणूस हमखास अडकतो, काकूपण अडकल्या, मग हिस्सा नंबर. अकरा मिनिटं लागली. पोरीनं दोन मिनिटांत काढली असती. पुढच्या रविवारी काकू जावेचा सर्वे नंबर चिठ्ठीवर लिहून घेऊन आल्या आणि थेट जाऊन कॉम्प्युटरसमोर बसल्या.

आता आपल्या भागातली खरी अडचण. पहाणीचं भूमी पोर्टल काय, सरकारी अर्जांचं सेवा सिंधू काय, सगळं कन्नड नाहीतर इंग्लिश, आणि आमच्या आज्ज्या-मावश्यांना वाचता येतं ते फक्त देवनागरी. पोरांना शाळेत कन्नड असतं म्हणून ती वाचतात. तर प्रत्येक पाळीला एकतरी कन्नड नीट वाचणारं पोर पाहिजेच, यात तडजोड नको. आणि कार्ड बनवा. एका बाजूला कन्नड शब्द स्क्रीनवर दिसतो तसाच मोठ्या अक्षरात, समोर मराठी अर्थ. एका कामाला आठ-दहा शब्द पुरतात. आज्जी अक्षर वाचत नाही, चित्रासारखं ओळखते, रांगोळीतली नक्षी ओळखावी तसं, आणि चालतं ते. ब्राऊझरमधलं आपोआप भाषांतर मात्र फॉर्म भरताना बंद ठेवा, ते गावाच्या नावाचंसुद्धा भाषांतर करून ठेवतं आणि मग गाव सापडत नाही.

परवानगीचं थोडक्यात. तुमच्याकडं मराठी वाचनालय असेल, मंडळानं चालवलेलं, तर अध्यक्ष-सेक्रेटरीशी चहावर बोला, कामं तिथंच होतात. पंचायतीचं ग्रंथालय असेल, ज्याला आता अरिवु केंद्र म्हणतात, तर ही ग्रंथालयं २०१९ पासनं ग्रामविकास खात्याकडं गेलीत, म्हणून अर्ज पीडीओंच्या, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्यांच्या नावानं, कन्नडमध्ये, आणि पोहोच घेऊन ठेवा. अर्जात वार, वेळ आणि किल्ली कुणाकडं राहणार हे स्पष्ट लिहा. लायब्ररी सांभाळणारे सर किंवा मॅडम यांना न विचारता वर जाऊ नका, रोज कुलूप तेच उघडतात.

पोरं कुठनं आणायची? इंजिनिअरिंगला असलेली गावातली पोरं रविवारी घरीच असतात. व्हीटीयूच्या, म्हणजे बेळगावच्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या पोरांना डिग्रीसाठी १०० ॲक्टिव्हिटी पॉइंट लागतात आणि एनएसएसवाल्यांना, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेतल्या पोरांना, वर्षाला १२० तास, तर कॉलेजमध्ये आधी विचारून घ्या की हे काम त्यात धरतात का, धरत असतील तर हजेरीवर सही-शिक्का कुणाचा लागतो. नुसत्या सर्टिफिकेटसाठी आलेलं पोर महिन्यात गळतं, तरी मी नाही म्हणत नाही, त्यातलं एखादं टिकतं. पण फक्त पोरांवर राहू नका, परीक्षा आली की सगळी एकदम गायब होतात. रिटायर्ड मास्तर, बँकेतनं रिटायर झालेल्या बाई, आर्मीत क्लार्क असलेले सुभेदार, ही माणसं बारा महिने येतात. मराठा लाईट इन्फंट्रीचं सेंटर बेळगावातच, त्यामुळं आपल्याकडं असं माजी सैनिक गल्लीगल्लीत सापडतंय.

निवडताना कॉम्प्युटर किती येतो ते मी विचारतच नाही. मी कीबोर्डवर बसतो आणि म्हणतो, मला काहीच येत नाही असं समज आणि नुसतं बोलून माझ्याकडनं एक फाईल सेव्ह करून घे. राईट क्लिक कर, डेस्कटॉपवर जा असं बोलायला लागलं की मी विचारतो, डेस्कटॉप म्हणजे कुठं जाऊ? तिथं जो हसतो आणि दुसऱ्या शब्दांत सांगतो तो आपला. ज्याचा हात माझ्या हातावरनं माऊसकडं येतो त्याला अजून दोन रविवार नुसतं बघत बसवतो.

एका वेळी जेवढे कॉम्प्युटर तेवढीच माणसं बोलवा. आमच्याकडं चालू असलेले तीन, म्हणून तीन माणसं, पाऊण तास, मग पुढची तीन. प्रत्येकाला येतानाच विचारायचं, आज एकच काम सांगा, कुठलं शिकायचंय. सीपीयू म्हणजे काय, मॉनिटर म्हणजे काय हे फळ्यावर लिहून शिकवायच्या भानगडीत पडू नका, माणूस दुसऱ्या रविवारी येत नाही. माऊसचा हात बसवायला पहिली दहा मिनिटं पेंटमध्ये स्वतःचं नाव काढायला लावा किंवा पत्त्यांचा गेम लावून द्या. डबल क्लिक जमत नसेल तर सेटिंगमध्ये जाऊन त्याचा स्पीड कमी करा, तरी नाही जमलं तर एकदा क्लिक आणि एंटर, काम होतंय की! मराठी टाईप करायला विंडोजमध्ये फोनेटिक कीबोर्ड मिळतो, पण ज्यांना इंग्लिश अक्षरंच येत नाहीत त्यांना त्याचा काय उपयोग, त्यांना मोबाईलवर माईक दाबून बोलून लिहायला शिकवा.

खरं म्हणजे निम्मी माणसं मोबाईलच घेऊन येतात, येऊ द्यात. हयातीच्या दाखल्याचंच बघा, शेतात राबून बोटांच्या रेषा गेलेल्या असतात, अंगठा उमटत नाही, तिथं जीवन प्रमाण ॲपमध्ये चेहरा दाखवून काम होतं, सोबत आधारचं फेस आरडी ॲप लागतं. उजेडाकडं तोंड करून बसवा, बाकी सगळं त्यांच्याच हातानं.

रोपलावणीच्या दिवसांत आणि सुगीला वर्ग बंद ठेवा, कुणी येत नाही आणि पोरांचा उत्साह जातो. बायकांसाठी वेळ सकाळची नको, दुपारी तीनची, हे आम्हाला एका वहिनींनी सांगितलं तेव्हा कळलं, आता महिन्यातनं दोनदा तसंच करतो.

पैशाच्या बाबतीत जरा कडक राहा. ओटीपी शिकवणाऱ्यानं विचारायचा नाही, बघायचापण नाही, त्या वेळी मान वळवायची. पिन टाकतानापण तेच. कुणाच्याही आधारचा फोटो आपल्या मोबाईलमध्ये घ्यायचा नाही. पासवर्ड ज्याचा त्यानं, त्याच्याच वहीत, घरी ठेवायच्या वहीत. आणि १९३० हा नंबर भिंतीवर हातभर मोठा लिहून ठेवा, ऑनलाईन फसवणूक झाली की पहिल्या तासात तिथं फोन लावायचा. हे पहिल्याच दिवशी सगळ्यांना पाठ करून घ्या, बाकी काही शिकले नाहीत तरी चालेल.

वहीत मी चार रकाने ठेवलेत, नाव, काम, शेजारी कोण बसलं होतं आणि हात कुणाचा. शेवटच्या रकान्यात स्वतःचा असं लिहिलं तरच ते काम शिकवलं म्हणून मोजायचं. शिकवणारं पोर बदललं तरी पुढच्याला वही वाचून कळतं की हे मामा कुठपर्यंत आलेत.

उठताना सगळी लॉगिन बंद झालीत का बघा, डाऊनलोडच्या फोल्डरमधल्या पहाण्या आणि आधार पुसून टाका, रिसायकल बिनसुद्धा. आणि एप्रिल-मे मध्ये वळीव कधी येईल सांगता येत नाही, तर नुसतं बटण बंद करून जाऊ नका, प्लग काढा आणि इंटरनेटची वायरपण मागनं काढून ठेवा, आमचा एक मोडेम असाच गेलाय.