सिग्नल देण्याआधी डीसी मोजा: बेळगाव भागातून ईसीला आलेल्यांसाठी

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मराठी शाळांतून दहावी करून पीयूसी किंवा डिप्लोमामार्गे व्हीटीयूच्या (विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ) ईसी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स अँड कम्युनिकेशन, शाखेत आलेल्या मुलांना सुरुवातीला भाषेची धास्ती असते. ती लवकर ओसरते. जास्त काळ छळते ती दुसरी गोष्ट: गणित वहीत राहतं आणि जोडणी ब्रेडबोर्डवर, दोघांची गाठच पडत नाही. म्हणून लॅबच्या आदल्या रात्री आकृतीतल्या प्रत्येक जोडाशी किती व्होल्ट यायला हवेत ते पेन्सिलीने लिहून ठेवा.

आरसी कपल्ड अ‍ॅम्प्लिफायर, म्हणजे छोटा सिग्नल मोठा करणारं सर्किट, घ्या. सप्लाय १२ व्होल्ट, ट्रान्झिस्टर बीसी ५४७, बेसला वर ४७ के (किलोओहम) आणि खाली १० के, कलेक्टरला ४.७ के, एमिटरला १.२ के. बेसवर साधारण २ व्होल्ट, एमिटरवर १.४, कलेक्टरवर साडेसहाच्या आसपास यायला हवेत. हे डीसी, म्हणजे सिग्नल नसतानाचे, आकडे येईपर्यंत सिग्नल देणाऱ्या फंक्शन जनरेटरला हात लावू नका. कलेक्टरवर पूर्ण १२ दिसले तर ट्रान्झिस्टर बंद आहे. बेसची किंवा एमिटरची वायर सुटलेली असते. कलेक्टर एमिटरच्या जवळपास येऊन बसला तर ट्रान्झिस्टर सॅच्युरेशनमध्ये, म्हणजे पूर्ण चालू स्थितीत, गेलाय. बहुतेक वेळा १० के नीट बसलेला नसतो, नाहीतर ४७ के आणि ४.७ के यांची अदलाबदल झालेली असते. दोन्हींत फरक फक्त तिसऱ्या पट्ट्याचा, नारिंगी की लाल, आणि ट्यूबलाइटच्या उजेडात तो फसवतो. रेझिस्टर लावण्याआधी मल्टिमीटरने मोजाच. बीसी ५४७ ची सपाट बाजू आपल्याकडे, पाय खाली धरले की डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर.

डीसी बरोबर, पण गेन (सिग्नल किती पट वाढतो ते) दोनशेच्या घरात येण्याऐवजी जेमतेम चार? एमिटरचा १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडलेलाच नाही. इनपुट १० मिलिव्होल्टच्या आसपास ठेवा, नाहीतर वेव्ह वरून-खालून कापली जाते.

सीआरओच्या (वेव्ह दाखवणारा ऑसिलोस्कोप) दोन्ही प्रोबचे ग्राउंड क्लिप आतून एकच असतात. दुसरा क्लिप भलत्या जोडाला लावलात तर तो जोड सरळ ग्राउंड होतो, आणि मुलं बिचारी आयसी बदलत बसतात.

डिजिटल आयसींना आधी पॉवरचे पाय तपासा. ७४०० ला (नँड गेटांचा आयसी) १४ व्या पायावर ५ व्होल्ट आणि ७ व्यावर ग्राउंड, म्हणून सगळ्यांनाच तसं असेल हे धरून चालू नका: ७४७६ ला (फ्लिप-फ्लॉप) ५ वर सप्लाय, १३ वर ग्राउंड, ७४९० ला (काउंटर) ५ आणि १०. ७४७६ चे प्रीसेट, क्लिअर मोकळे सोडू नका, ५ व्होल्टला बांधा. टीटीएलचा (साधी ७४ मालिका) मोकळा इनपुट पाय सहसा 'वन' वाचतो, पण नॉइज पकडतो. ७४एचसीचा (त्याच आयसींची सीमॉस आवृत्ती) तर काहीही वाचतो. काउंटर एका दाबाला दोन-तीन आकडे उडी मारत असेल तर आयसी निर्दोष आहे, स्विच उसळतोय, म्हणजे एका दाबात त्याचा संपर्क अनेकदा जुळतो-तुटतो. त्यावर उपाय म्हणून ७४०० च्या दोन गेटांचा लॅच टू-वे स्विचला जोडा. प्रत्येक आयसीच्या सप्लायजवळ १०४ छापलेला (०.१ मायक्रोफॅरड) कपॅसिटर हवा. लांब ब्रेडबोर्डची सप्लायची रांग बऱ्याचदा मधोमध तुटलेली असते, तीही बघा.

घरी सरावाला एलटीस्पाइस हे सर्किट सिम्युलेटर फुकट मिळतं. वरच्याच अ‍ॅम्प्लिफायरमध्ये ट्रान्झिस्टरचा बीटा (करंट गेन) १०० वरून ३०० करा: कलेक्टर पाव व्होल्टच्या आसपास हलेल. मग बेसचे दोन्ही रेझिस्टर दहापट करून तेच पुन्हा करा. आता तो सव्वा व्होल्ट सरकतो. बायस (हे डीसी व्होल्टेज) का घसरला ते व्हायवात, तोंडी परीक्षेत, हमखास विचारतात.